प्रकल्प नोंदी: नववीचं कार्बन चक्र, एक सेन्सर आणि दोन बरण्या

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

नववी 'ब'ला कोरा कागद दिला, पुस्तक मिटायला लावलं आणि कार्बन चक्र काढायला सांगितलं. पंचावन्न कागद जमा झाले. झाड, सूर्य, गाय, साखर कारखान्याचं धुराडं, सगळं जागच्या जागी. बाण मात्र सगळे एकाच जाडीचे. गाईच्या नाकातून निघालेला बाण आणि धुराड्यातून निघालेला बाण सख्खे भाऊ वाटावेत इतके सारखे. समुद्र मोजक्या मुलांनी दाखवला. माती म्हणजे झाड उभं राहायला लागते ती आडवी रेघ, त्यापलीकडे कुणाच्याच कागदावर नाही.

पोरांना बोल लावण्यात अर्थ नाही. वर्गातल्या डिजिटल पॅनेलवरचा तयार व्हिडिओही तसाच आहे. बाण चमकतात, मागे संगीत वाजतं, आकडा औषधालाही नाही. पॅनेल आल्यापासून आम्ही फळ्यावरचीच आकृती रंगवून दाखवतोय, असं माझं मत होत चाललंय. कुठे किती कार्बन साठलाय आणि वर्षाला किती इकडून तिकडे जातो, हे दोन प्रश्न बाजूला ठेवले तर चक्र म्हणजे नुसती रांगोळी. तंत्रज्ञान वापरायचं ते या दोन प्रश्नांसाठीच, असं ठरवून हे पान सुरू केलं.

हाताशी असलेलं: टिंकरिंग लॅबच्या कपाटातले दोन ईएसपी३२ बोर्ड (सेन्सरचं वाचन घेणारे चिमुकले संगणक), जुना लॅपटॉप, त्यात लिब्रेऑफिस कॅल्क ही मोफत स्प्रेडशीट, आणि पॅनेल. विकत आणायचं: कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर.

७ ऑगस्ट

सेन्सर आला. एमएच-झेड१९, काडेपेटीपेक्षा लहान, सोनेरी डबी. आतून अवरक्त किरण जातात. कार्बन डायऑक्साइड त्यातली ४.२६ मायक्रोमीटर तरंगलांबीची पट्टी शोषतो. पलीकडे किती पोचलं त्यावरून आकडा काढायचा. वर्गात हे सांगताना एक मुलगी म्हणाली, "मॅडम, म्हणजे हरितगृह परिणामच डबीत भरलाय." पुढच्या धड्याची निम्मी प्रस्तावना तिनं करून टाकली.

माहितीपत्रक पोरांकडूनच वाचून घेतलं. अचूकता साधारण ±५० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) आणि वर वाचनाच्या काही टक्के. म्हणजे बाहेरच्या हवेत ३८० दाखवला काय, ४७० दाखवला काय, दोन्ही माफ. हे पहिल्याच दिवशी वहीत लिहून घेतलं, म्हणजे पुढे कुणी "आपल्या गावात प्रदूषण मुंबईपेक्षा कमी" असे शोध लावणार नाही.

त्यात आणखी एक कलम निघालं. सेन्सर स्वतःच स्वतःची दुरुस्ती करतो: दिवसभरातलं सर्वात कमी वाचन म्हणजे बाहेरची ताजी हवा असं समजतो आणि त्याला ४०० पीपीएम ठरवतो. बंद बरणीत दोन दिवस ठेवला तर बरणीतल्या हवेलाच तो ताजी समजेल. म्हणून ती सोय कोडमधून बंद केली. लगेच मागच्या बाकावरून प्रश्न आला: "पण ४००च का?"

हवाईतल्या मौना लोआ ज्वालामुखीवरच्या वेधशाळेत मोजलेली हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची वार्षिक सरासरी २०१५ साली पहिल्यांदा ४०० च्या वर गेली. २०२४ ची ४२४ च्या पुढे आहे. उपकरण बनवणाऱ्यानं धरलेली 'ताजी हवा' आता पृथ्वीवर मिळत नाही. आम्ही भरदुपारी, वारा सुटलेला असताना, मैदानातलं वाचन ४२५ धरून सेन्सर जुळवायचं ठरवलं. सकाळी नको. रात्रभर पिकं आणि माती श्वास सोडत असतात, वारा नसला की तो गॅस जमिनीलगत साचतो आणि उसाच्या पट्ट्यात सकाळचं वाचन हमखास जास्त येतं.

११ ऑगस्ट

पावसामुळे खिडक्या बंदच होत्या, तर म्हटलं याचाच प्रयोग करू. दारही लावलं, पंखे चालू. पॅनेलवर आलेख थेट दिसत होता. तास सुरू होताना ६००, संपताना २२०० च्या घरात. आकडा हजार ओलांडताना पोरांनी क्रिकेटचा स्कोअर असल्यासारखा गलका केला. मग श्वास रोखून आकडा खाली आणायचा प्रयत्नही झाला. अर्थातच सगळे एकदम जोरात श्वास सोडून हसले आणि रेघ वर गेली.

त्यानंतरचा हिशेब महत्त्वाचा. शांत बसलेलं मूल तासाला साधारण १५ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतं. पंचावन्न जणांचे ८२५ लिटर. वर्ग टेपनं मोजला: सुमारे १३५ घनमीटर, म्हणजे १ लाख ३५ हजार लिटर हवा. भागाकार केला की तासाला ६,१०० पीपीएम, आमच्या पस्तीस मिनिटांच्या तासाला साडेतीन हजार. आपली वाढ सोळाशे. उरलेला वायू कुठे गेला? दाराखालची फट आणि खिडकीची न बसणारी झडप. मोजलेला आणि काढलेला आकडा जुळला नाही म्हणून गळती सापडली. हीच रीत पुढे पृथ्वीच्या हिशेबात लागणार आहे, ते अजून सांगितलेलं नाही.

१३ ऑगस्ट

अपेक्षित प्रश्न आला. "मॅडम, एवढी आठशे कोटी माणसं श्वास सोडतात, मग हवामान बदल आपल्या श्वासामुळेच ना?"

उत्तर द्यायची घाई केली नाही. "सकाळी काय खाल्लंस?" भाकरी. भाकरी ज्वारीची, ज्वारीत कार्बन आला हवेतून, मागच्या रब्बीत. म्हणजे श्वासातून गेला तो गेल्या वर्षी हवेतून घेतलेलाच परत केला. पेट्रोलमधला? त्यावर थोडा वेळ शांतता. मग एकानं सांगितलं, "तो घेतलेला लई जुना." तेवढ्यावर तास संपला, बरंच झालं.

२० ऑगस्ट

बरणीचा प्रयोग. पाच लिटरची पारदर्शक प्लास्टिकची बरणी, झाकणाला भोक, त्यातून सेन्सरच्या तारा. भोक बुजवायला एकानं डब्यातली कणीक आणतो म्हटलं. शेजारच्या मुलीनं तिथल्या तिथे हाणून पाडलं: "कणीक आंबली की तीच गॅस सोडंल." तिच्या घरी खानावळ आहे. एम-सील वापरलं. बरणीत आतून दव धरून सेन्सर खराब होऊ नये म्हणून बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या आत टाकल्या.

आधी रिकामी बरणी तासभर ठेवली. रेघ आडवी. मग पालकाची ताजी जुडी, देठं पाण्याच्या छोट्या बाटलीत. बरणीत एकदा फुंकर मारून वाचन हजारच्या आसपास आणलं आणि वरून एलईडी दिवा लावला. ऊन वापरलं नाही, कारण बरणी तापली की कशामुळे काय झालं ते कळत नाही. रेघ लगेच उतरायला लागली. तासाभरात २०० च्या खाली, पुढे १०० च्या थोडी वर जाऊन रेंगाळली. काळं कापड टाकलं की काही मिनिटांत वळून वर. कापड काढलं, पुन्हा खाली. पोरांनी हे इतक्या वेळा करून बघितलं की पालकाला झोप लागली असती तर शपथ.

मला यातला वळणाचा बिंदू फार आवडतो. पुस्तकात 'वनस्पती दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात, रात्री श्वसन' असं वाचून पोरं पाळ्या लागल्यासारखं समजतात. कापड टाकल्यावर रेघ जेवढ्या उताराने वर जाते, ढोबळमानाने तेवढं श्वसन उजेडातही चालूच असतं, प्रकाशसंश्लेषण त्याला झाकून टाकतं. दोन उतारांची बेरीज करून एकूण प्रकाशसंश्लेषण काढायला चौघींनी स्वतःहून घेतलं.

नंतर उसाचं पान लावलं. ऊस सी-४ वनस्पती, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाची वेगळी रीत असलेली, कार्बन डायऑक्साइड अगदी विरळ झाला तरी ओढत राहतो. पालक त्याच्या आधीच थांबतो. आमचीही रेघ पालकाच्या खाली गेली. पण फरक सेन्सरच्या ±५० च्या आतलाच, म्हणून वहीत 'दिसलं' असं लिहिलं, 'सिद्ध झालं' असं नाही. यावरून थोडं भांडण झालं. होऊ दिलं.

२१ ऑगस्ट

दोन बरण्यांत माती. एकीत पाचट (उसाची वाळलेली पानं) कुजवलेल्या शेतातली, दुसरीत पाचट जाळलेल्या शेतातली. वजन सारखं, पाणी सारखं, दोन्हींवर काळं कापड. रात्रभर नोंद. वीज गेली तरी चालावं म्हणून पॉवर बँक.

२२ ऑगस्ट

पाचटाच्या मातीची रेघ जवळपास दुप्पट चढावाची. बरणीत दिसायला फक्त माती, एक गांडूळही नाही. "मग श्वास कोण घेतंय?" हा प्रश्न त्यांचाच. जिवाणू आणि बुरशी हे उत्तरही त्यांचंच, पण आकडा माझा: जगाच्या मातीत जेवढा सेंद्रिय कार्बन आहे तेवढा हवा आणि सगळ्या वनस्पती मिळूनही नाही. ४ ऑगस्टच्या कागदांवर जी नुसती रेघ होती, ती हीच. कागद परत दिले, रेघेखाली डबा काढायला लावला.

एकच जोडी बरण्यांची आहे, त्यामुळे 'पाचट कुजवलं की दुप्पट' असा नियम कुणी घरी जाऊन सांगू नये, हेही बजावलं.

गणपतीची सुट्टी.

८ सप्टेंबर

मौना लोआची मासिक सरासरीची फाइल उतरवली. शाळेचं नेट गेलेलं, माझ्या फोनचं हॉटस्पॉट. मार्च १९५८ पासूनचे आकडे, चार्ल्स डेव्हिड कीलिंग या शास्त्रज्ञांनी सुरू केलेली मोजणी. पॅनेलवर तयार चित्र दाखवायचं टाळलं. आलेख पोरांनी कॅल्कमध्ये स्वतः काढला. आधी सगळ्यांना दिसली ती चढण: ३१५ च्या आसपासून ४३० पर्यंत. मे २०२५ ची सरासरी ४३० च्या वर आहे. मग एकानं दोन बोटांनी पॅनेलवर आलेख मोठा केला आणि करवतीचे दाते दिसले. दर मे महिन्यात टोक, सप्टेंबर-ऑक्टोबरात खाच, फरक सहा-सात पीपीएम.

इथे मी गप्प बसले. पाच-सहा मिनिटं नुसती कुजबुज. मग कापडवाली टोळी पुढे आली: "बरणीसारखंच आहे. कापड टाकलं-काढलं." जमिनीचा मोठा भाग उत्तर गोलार्धात आहे, तिथे उन्हाळ्यात पानं फुटतात, हिवाळ्यात गळतात. बरणीतल्या पालकाचं जे झालं तेच सैबेरिया-कॅनडाच्या जंगलांचं होतं. दक्षिण ध्रुवावरच्या आलेखात दाते अगदी बारीक आणि उलटे आहेत, तो शेजारी लावला तेव्हा मला फार बोलावं लागलं नाही.

२०२२ च्या नोव्हेंबरात मौना लोआचा उद्रेक झाला, वेधशाळेची वीज तुटली आणि काही महिने शेजारच्या मौना केआवरून मोजणी करावी लागली. फाइलीत तशी टीप आहे. ज्वालामुखीच्या अंगावर बसून हवा मोजतात हे ऐकून शेवटच्या बाकालाही विज्ञानात रस आला.

१० सप्टेंबर

"आपल्याकडे कोण मोजतं?" पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेनं २००९ पासून सिंहगडावर बाटल्यांत हवा भरून मोजणी केली आहे. गोव्यात काब द रामच्या कड्यावर त्याच्याही आधी, १९९३ पासून काही वर्षं असेच नमुने घेतले गेले. वर्गातल्या बहुतेकांनी सिंहगड पाहिलाय आणि सगळ्यांना तिथलं पिठलं-भाकरी आठवतं. हवा भरून नेतात हे कुणाला ठाऊक नव्हतं. जागा निवडण्यामागचं कारण विचारलं तर उत्तरं चांगली आली: उंच, वस्तीपासून दूर, आणि पावसाळ्यात वारा समुद्रावरून, हिवाळ्यात जमिनीवरून. एकाच जागी बसून दोन दिशांची हवा तपासता येते.

१६ सप्टेंबर

स्प्रेडशीटचा दिवस. मला या प्रकल्पात सगळ्यात भरवशाचं वाटणारं साधन हेच, आणि ते फुकट आहे.

तीन डबे: हवा, जमीन (वनस्पती आणि माती मिळून), समुद्र. एकक अब्ज टन कार्बन. १ पीपीएम म्हणजे २.१३ अब्ज टन, म्हणून हवेत ४२५ × २.१३, सुमारे ९०५. जमिनीवर ढोबळमानाने दोन हजार. समुद्रात ३८ हजारांच्या आसपास. वर्षाला हवेतून जमिनीत सुमारे १२० जातात, तेवढेच परत येतात. समुद्राशी देवाणघेवाण ८० च्या आसपास. कोळसा, तेल, वायू आणि सिमेंट मिळून वर्षाला सुमारे १०, जंगलतोडीचा साधारण १.

पहिली प्रतिक्रिया मला हवी तीच: "दोनशेच्या पुढे अकरा म्हणजे काहीच नाही की!" पुढच्या ओळी भरू दिल्या. दोनशे गेले, दोनशे आले, शिल्लक तीच. अकरा मात्र फक्त आले. पन्नास ओळी खाली ओढल्यावर हवेचा रकाना चौदाशेच्या पुढे.

मग त्यांनी मोडतोड सुरू केली, जी व्हायलाच हवी होती. एकानं झाडं दुप्पट केली, १२० चे २४०. नवव्या वर्षी हवेतला कार्बन संपून उणे. हसाहशी झाली, पण एकीला ते खटकलं: झाडं वाढली तर पालापाचोळाही वाढेल, मग परत येणारा आकडा १२० वरच कसा राहील? हेच हवं होतं. परतीचा आकडा स्थिर न ठेवता साठ्यावर अवलंबून ठेवला: जमिनीचा साठा भागिले सरासरी मुक्काम, म्हणजे कार्बन जमिनीत सरासरी किती वर्षं राहतो ते. तो दोन हजार भागिले १२०, म्हणजे जवळपास १७ वर्षं. सूत्र बदललं आणि जमिनीच्या साठ्याची रेघ वेडीवाकडी न होता नव्या पातळीला स्थिरावली. नववीच्या पोरांनी पहिल्यांदा एखादं प्रारूप स्वतः मोडून दुरुस्त केलं.

हवेचा मुक्कामही काढला: ९०५ भागिले २००, साडेचार वर्षं. त्यावरून दिवसातला सगळ्यात चांगला प्रश्न: "रेणू साडेचार वर्षांत निघून जातो, मग हवा आपोआप साफ का होत नाही?" सांगलीची एसटी आठवायला सांगितली. प्रत्येक थांब्यावर माणसं उतरतात, तेवढीच चढतात. कोण बसलंय ते बदलतं, गर्दी तेवढीच राहते. आपण दर थांब्याला अकरा जादा चढवतोय.

१७ सप्टेंबर

गळतीचा हिशेब, ठरल्याप्रमाणे. अकरा भागिले २.१३, वर्षाला ५.२ पीपीएमनं वाढायला हवं. मौना लोआच्या फाइलीतून गेल्या दहा वर्षांची सरासरी काढली: अडीचच्या आसपास. निम्मा कुठे गेला?

"दाराखालची फट!" एक मुलगा उभाच राहिला.

फटी दोन. साधारण चौथा हिस्सा समुद्र घेतो, त्याहून थोडा जास्त जमिनीवरची झाडं आणि माती. दोन्ही फुकटात. ही सवलत कायम राहीलच असं धरून चालता येत नाही, कारण पाणी तापलं की त्यात वायू कमी विरघळतो. गरम आणि थंड सोड्याच्या बाटल्या उघडून दाखवायच्या होत्या, पण बाटल्या तासाआधीच संपवल्या गेल्या. तपास चालू आहे.

२४ सप्टेंबर

आज सगळं बंद ठेवून चुन्याची निवळी. पानपट्टीवरचा चुना, पाणी, रात्रभर निवळलेलं. नळीनं फुंकलं की दुधाळ, हे सगळ्यांना माहीत असतं. बहुतेक शाळांत प्रयोग तिथेच थांबतो. आम्ही फुंकत राहिलो. दुधाळपणा जाऊन पाणी पुन्हा स्वच्छ झालं, कारण कॅल्शियम कार्बोनेट जादा कार्बन डायऑक्साइडमुळे विरघळणारं बायकार्बोनेट झालं. शिंपल्यांना समुद्रात काय अडचण येणार, ते ग्लासात दिसलं. नंतर पाणी उकळलं, पुन्हा गढूळ.

याला सेन्सर लागत नाही. प्रकल्प तंत्रज्ञानाचा म्हणून इथेही तारा जोडायचा मोह होता, तो आवरला.

जाता जाता गडांवरच्या चुन्याच्या घाण्यांचा विषय निघाला. भट्टीत चुनखडी भाजली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, भिंतीत चुना मुरताना तो हळूहळू परत येतो. सिमेंटच्या भट्टीतही निघणाऱ्या वायूचा मोठा भाग इंधनाचा नसून दगडातलाच असतो.

६ ऑक्टोबर

सत्र परीक्षेची तयारी. सेन्सर कपाटात.

१४ नोव्हेंबर

गळीत हंगाम सुरू. धुराडं वर्गाच्या खिडकीतून दिसतं, तेव्हा वाद आपोआप उभा राहिला: कारखाना बगॅस (उसाचा चोथा) जाळतो आणि मोटारसायकल पेट्रोल, दोन्हींतून कार्बन डायऑक्साइडच निघतो, मग फरक काय?

एक गट: फरक नाही, रेणू रेणूसारखाच. दुसरा गट: बगॅसचा कार्बन गेल्या वर्षी हवेत होता, पेट्रोलचा कोट्यवधी वर्षं जमिनीत. दोघांचंही बरोबर आहे, म्हणून मध्ये पडले नाही. पहिल्या गटानं खोच काढली: हवेत मिसळल्यावर कुठला कुणाचा हे कळतं का? कळतं. कार्बन-१४ म्हणजे हळूहळू क्षय होणारा किरणोत्सर्गी कार्बन. त्याचं अर्धायुष्य ५,७३० वर्षं, कोळशात आणि खनिज तेलात त्याचा मागमूस उरत नाही. हवेतला कार्बन-१४ जुन्या कार्बनमुळे पातळ होतोय हे हान्स स्यूस या शास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये झाडांच्या लाकडावरून दाखवलं. पुरावा लाकडात सापडावा, हे पहिल्या गटाला आवडलं नाही.

पाचटाचा हिशेबही झाला. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं. कोरडा जैवभार ४५ टक्के कार्बन धरला तर सुमारे ४ टन. ४४ भागिले १२ नं (कार्बन डायऑक्साइड आणि कार्बन यांच्या वजनांचं गुणोत्तर) गुणलं की जवळपास १५ टन कार्बन डायऑक्साइड. काडी लावली की एका दुपारीत.

२ डिसेंबर

पुन्हा कोरे कागद. बाणांवर आकडे आले, जाड-बारीक झाले. समुद्राचा डबा काहींनी इतका मोठा काढला की गाईला जागा उरली नाही. प्रमाण पाहता ते बरोबरच. वीसेक कागदांवर अजूनही श्वासाचा आणि पेट्रोलचा बाण एकाच रंगात आहे. म्हणजे तेवढ्यांपर्यंत जुना-नवा कार्बन पोचलेला नाही. त्यांचा एक तास वेगळा घ्यायचा, स्प्रेडशीट नाही, भाकरीपासून पुन्हा.

६ डिसेंबर, शनिवार

पालक सभेत बरण्या मांडल्या होत्या. एक शेतकरी पालक बराच वेळ आलेख बघत होते. म्हणाले, "मॅडम, कुजवलं तरी गॅस निघतोच की. तुमचीच रेघ सांगतीय. मग जाळण्यात न् कुजवण्यात फरक काय?"

बऱ्याच पुस्तकी उत्तरांना हा प्रश्न पुरून उरेल. खरं तेच सांगितलं: कुजवल्यावरही त्यातला बराचसा कार्बन काही वर्षांत हवेत जातोच. थोडा भाग मातीत टिकतो, तोच सेंद्रिय कर्ब म्हणून माती परीक्षणाच्या कागदावर येतो. जाळलं तर हा थोडा भागही जातो, सोबत नत्र आणि गंधकही, आणि धूर गावाच्या छातीत. किती टिकतो हे बरणी सांगू शकत नाही, ते मातीच तपासून बघावं लागेल.

"मग बघू या," म्हणाले. त्यांच्या एकाच शेतातल्या निम्म्या वाफ्यांत या खोडव्याला (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून येणारं पीक) पाचट ठेवतील, निम्म्यांत नेहमीसारखं. नमुने वरच्या १५ सेंटिमीटरमधून, प्रत्येक भागातून अनेक ठिकाणचे एकत्र करून, पहिला संच पाचट पसरायच्या आधी. कर्बाचा आकडा वर्षभरात फारसा हलत नाही, त्यामुळे हे काम आत्ताच्या आठवीकडेही जाणार. नमुन्यांच्या पिशव्यांवर पेनानं नाही, पेन्सिलीनं लिहायचं, ओल लागून शाई पसरते. नोंदींची शीट माझ्या फोनच्या खात्यावरून शाळेच्या खात्यावर हलवली आणि आठवीच्या दोघींना संपादनाची परवानगी दिली.